साटम भाऊजी आणि रायाजीची जखम

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला विळी लागली, खिळा टोचला, दारात बोट चेंगरलं, की सर्वांत आधी साटम भाऊजी येत. डॉक्टर नंतर, घरची माणसं नंतर. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी हातात धरलेलं असे, कानावर पेन्सिल असे, आणि पहिला प्रश्न ठरलेला असे.

“लागलं कधी? नक्की किती वाजता?”

आम्ही वसईला राहायला आलो त्याच महिन्यात माझा नंबर लागला. नारळ खोवत होते, हात सटकला आणि अंगठ्याच्या बुडाशी चांगलंच कापलं. मी ओरडणाऱ्यातली नाही. पण हातातली वाटी पडली, तिचा आवाज झाला. आमचे हे न्हाणीतून बाहेर येईपर्यंत समोरच्या दारातले गृहस्थ आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे. तोपर्यंत त्यांच्याशी माझं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं.

“वहिनी, हात वर धरा. हं. आता हे दाबून धरा.” त्यांनी खिशातून पांढरी स्वच्छ घडी काढून माझ्या हातात दिली आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. दर मिनिटाला विचारत, “थांबलं?” मी मानेनं नाही म्हणे. ते लिहून घेत.

आमचे हे कमरेला पंचा गुंडाळून आले. “कोण आपण?”

“साटम. समोरचा. साडेचार मिनिटं झाली. विळी नवी की धार लावलेली?”

ह्यांना वाटलं, कुठल्या तरी दवाखान्यातले असतील. मलाही तसंच वाटलं. पट्टी बांधली सुरेख, जाताना “पाणी लावू नका” म्हणाले. आठ दिवसांनी कळलं की साटम भाऊजी सातिवलीला पंपाचे भाग बनवणाऱ्या एका गाळ्यात स्टोअर सांभाळतात. नट, बोल्ट, वॉशर. औषधाशी संबंध नाही.

“मग ते लिहून कशाला घेत होते?” मी ह्यांना विचारलं.

“खेळ खेळतात म्हणे रविवारचे. त्यात लागतं.”

असला कुठला खेळ, ते मला बरेच दिवस कळलं नाही. कळलं ते काज-बटणांमुळे. मी तेव्हा घरी ब्लाऊजची हातशिलाई करत असे. एका संध्याकाळी भाऊजी दारात उभे. आत या म्हटलं तरी येत नसत, दाराची चौकट धरून बोलत.

“वहिनी, लाल बटणं आहेत का तुमच्याकडे? एकसारखी?”

“किती हवीत?”

“पन्नास. दोन माणसांचं रक्त.”

मी बटणं मोजून दिली. एवढं ऐकल्यावर दुसरं काय करणार.

खेळ असा होता. फुटपाथवर भाऊजींना एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, जाडजूड, कव्हर फाटलेलं. त्यात एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. तुम्ही सरदार. समोर दरवाजा. काय करणार? मग तुम्ही तोंडानं सांगायचं की मी दरवाजा फोडतो, आणि तो फुटला की नाही ते फासा सांगणार. पट नाही, सोंगट्या नाहीत. फासा मात्र वीस बाजूंचा. तसला इथं कुठं मिळणार? भाऊजींनी शेजारच्या प्लास्टिकच्या गाळ्यातल्या माणसाला गाठून तो ओतून घेतला. एक बाजू थोडी जड झाली. म्हणून भाऊजींनी तो हजार वेळा टाकला, कुठला आकडा किती वेळा पडतो ते लिहिलं आणि त्याचा एक वेगळा तक्ता केला. त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे, “अंदाजे नको.” भाजीवाल्यालाही ते असंच म्हणत.

पुस्तकावर त्यांचा राग होता. त्यात लढाई झाली की सरदाराचे गुण कमी होत. तलवार लागली, पाच गुण गेले. भाला लागला, आठ गेले. पण शेवटचा गुण जाईपर्यंत सरदार पहिल्यासारखाच उड्या मारणार, आणि एक रात्र झोपला की सकाळी ठणठणीत.

“वहिनी, तुमचा अंगठा किती दिवसांनी भरला?”

“दहा-बारा.”

“बघा. नारळ खोवताना. आणि हा मांडीत तलवार घेऊन दुसऱ्या दिवशी किल्ला चढतो. हे पुस्तक लिहिणाऱ्याला जन्मात कधी कापलेलं नाही.”

म्हणून त्यांनी स्वतःची वही करायला घेतली. कुठं लागलं तर किती रक्त जातं, किती वेळ जातं, दाबलं तर काय, नाही दाबलं तर काय. त्यासाठी ते घड्याळ घेऊन फिरत. सलूनवाला त्यांची दाढी करताना घाबरत असे, कारण वस्तरा जरा लागला की हे गिऱ्हाईक खूश होई. बाजारातल्या कोळणीपाशी ते अर्धा अर्धा तास उभे राहत. एकदा मी मासळीला गेले होते तेव्हा तिचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

“दादा, पापलेट घ्याचा का माझी बोटां मोजाची? कापला तर बर्फाच्या पान्यात घालायचा न् कामाला लागायचा. आमाला कोन बगत बसतंय.”

“बर्फाच्या पाण्यात किती वेळ?” भाऊजींनी वही काढली.

माणसाच्या अंगात एकूण रक्त किती, हे विचारायला ते नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले. डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कोण? भाऊजी म्हणाले, सरदार आहे, धिप्पाड, वय तीस. डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं आणि सांगितलं, पाच लिटर धरा. भाऊजींनी घरी येऊन माझ्याकडून आमटीची वाटी मागून नेली, पाण्यानं मोजली. पंचवीस वाट्या झाल्या. म्हणून माणशी पंचवीस बटणं. प्रत्येकानं आपली बटणं स्टीलच्या वाटीत घेऊन बसायचं. जखम झाली की वाहील तसं एकेक बटण मधल्या ताटात टाकायचं. बटण पडलं की टिंग असा आवाज येई. माझ्या स्वयंपाकघरात तो ऐकू येत असे. रविवारी दुपारी पोळ्या झाकून मी आडवी झाले की पलीकडून टिंग, मग थोड्या वेळानं टिंग. मी मनात म्हणे, कुणाचं तरी वाहतंय.

खेळायला दोघं येत. एक आमच्याच बिल्डिंगमधले, दुसऱ्या मजल्यावरचे पेडणेकर. बँकेत होते, बोलायला फटकळ. दुसरा जोएल, भाऊजींच्याच गाळ्यातला फिटर, पंचविशीचा, वसईतल्याच होळी गावात राहणारा. घरची केळीची वाडी. पेडणेकरांच्या सरदाराचं नाव हैबती आणि जोएलच्या सरदाराचं रायाजी. जोएल म्हणायचा, “आमच्यात सगळे जोएल नायतर जोसेफ. एकदा तरी रायाजी होऊ दे ना, साटमदादा.”

जोएलच्या वाडीतही भाऊजी जाऊन आले. कोयत्याचा एक घाव किती खोल जातो, हे बघायचं होतं. जोएलच्या वडिलांनी घड उतरवलेली एक केळ दाखवली. भाऊजींनी दोन्ही हातांनी कोयता मारला. केळ आडवी झाली, वरचं पाणी भाऊजींच्या सदऱ्यावर उडालं. त्याचे डाग मी पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या दोरीवर बघितले.

“माणूस असता तर?” भाऊजींनी मोजपट्टी लावत विचारलं.

“माणूस असता तर पळाला असता,” म्हातारा म्हणाला. “केळ काय पळत नाय.”

ही गोष्ट जोएलनं सांगितली तेव्हा भाऊजी हसले नाहीत. “बरोबर आहे. पळणाऱ्याचा वेगळा तक्ता लागेल,” म्हणाले.

आता खेळाची गंमत राहिली बाजूला, असं पेडणेकरांचं म्हणणं. किल्ल्यात खजिना होता. पण किल्ल्यापर्यंत पोचायलाच सहा रविवार गेले, कारण हैबतीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला की आत राहिला, त्याचा फासा. पू झाला का, त्याचा फासा. एक वार झाला की तासभर विचारणा. जागा कुठली, कपडा जाड की पातळ, जखमेत माती गेली का. मी चहा घेऊन जाई. आत नसे जात, दारातून ट्रे पुढं करी, भाऊजी येऊन घेत. पेडणेकर कंटाळून म्हणत, “वहिनी, तुम्हीच सांगा ह्यांना. आम्ही लुटायला आलोय, आणि हे ड्रेसिंग करतायत.”

मी पदर सावरून परत येई.

पण मला एक दिसे. भाऊजींचं दार आठवड्याचे सहा दिवस बंद असे. सकाळी आठला कुलूप, संध्याकाळी सातला कडी. ना कुणी पाहुणा, ना सणाचं कुणी. कोकणातली आई वारल्यावर तिकडचं येणंजाणंही संपलेलं. रविवारी मात्र सकाळपासून झाडलोट चाले. टँकर आला की बाकीच्यांच्या आधी दोन बादल्या जास्त भरून ठेवत, का तर “माणसं यायचीत.” तीन वाजता दार सताड उघडलं जाई, ते आठपर्यंत. मला वाटे, हे दोघं यायचे थांबले तर ह्या माणसाचं काय होईल. आणि पेडणेकरांचा चेहरा बघता ते काही फार दिवस येणार नाहीत, असंही वाटे.

अशात एका रविवारी रायाजीला भाला लागला.

मी ट्रे घेऊन दारातच होते. किल्ल्याच्या आतल्या पहारेकऱ्यानं फेकला, फासा उलटा पडला, भाला पोटात. टिंग, टिंग, टिंग. हैबतीनं पुढं होऊन शेला बांधला, त्याला मागं ओढलं. चौदा बटणं राहिली. जोएलनं सुस्कारा टाकला. “वाचलो. आता रात्रीचं झोपतो आणि सकाळी दोघं मिळून जाऊ.”

भाऊजींनी वही उघडली. “पोटातली जखम. सहा आठवडे.”

“सहा आठवडे काय?”

“अंथरुणात.”

मग जोएल म्हणाला, “म्हणजे मी सहा रविवार यायचं नाय?”

“यायचं तर. पण पडून राहायचं.”

“इथं?”

“इथं नाही. गोष्टीत.” भाऊजींनी थोडा विचार केला. “इथंही चालेल.”

“मग मी एकटा जाऊ का किल्ल्यात?” पेडणेकरांनी विचारलं.

भाऊजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की पेडणेकरांनीच मान खाली घातली. “मित्र पोटात भाला घेऊन पडलाय, पेडणेकर. तुम्ही खजिना आणायला जाणार?”

“मग करायचं काय?”

“भेटायला यायचं.”

आणि त्यांनी नियम वाचून दाखवला. तो त्यांनी कधी लिहिला होता कोण जाणे, शाई जुनी होती. जखमी माणूस नुसता पडून बरा होत नाही. ज्या रविवारी कुणी भेटायला येईल त्या रविवारी त्याला दोन बटणं परत. भेटणाऱ्यानं बसलं पाहिजे, काहीतरी आणलं पाहिजे, विचारपूस केली पाहिजे. नुसतं तोंड दाखवून गेलेलं धरायचं नाही. एक रविवार कुणी आलं नाही तर बटण नाही. लागोपाठ दोन रविवार कुणी आलं नाही, तर माणूस गेला.

“हे कुठल्या पुस्तकात आहे?” पेडणेकर म्हणाले.

“पुस्तकात राहून गेलंय.”

त्यानंतरचे रविवार मी विसरणार नाही. भाऊजींनी खरंच भिंतीकडेला चटई घातली, उशी दिली, जोएल त्यावर पडला. पेडणेकर बाहेर जाऊन दारावर टकटक करून आत आले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

“काय रायाजी, कसं आहे? मोसंबी आणलीत डझनभर.”

“त्या काळी इकडे मोसंबी नव्हती,” भाऊजी कोपऱ्यातून म्हणाले.

“बरं, आवळे आणलेत.”

“पोटातल्या जखमेला आवळा?”

“मग तुम्हीच सांगा काय आणू.”

“पेज चालेल. पातळ.”

पहिला रविवार असाच चेष्टेत गेला. दुसऱ्या रविवारी चेष्टा संपली आणि बोलायला काही उरलं नाही. खरा आजारी असला तरी असंच होतं, दहा मिनिटांनंतर माणूस पंख्याकडे बघतो. मग पेडणेकर आपले बोलू लागले. हैबती म्हणून सुरुवात केली आणि मधेच कधी पेडणेकर झाले त्यांनाही कळलं नाही. बँकेत वरचा साहेब त्यांना सर्वांसमोर कसं बोलतो, सकाळी जिना उतरताना परत फिरावंसं कसं वाटतं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना टोमणे मारणारा हा माणूस. जोएल पडल्या पडल्या ऐकत होता. मग त्यानं सांगितलं, मस्कतला एका कंपनीत त्याचं काम होण्यासारखं आहे, पण वडिलांना अजून सांगितलेलं नाही. वाडी कोण बघणार. मी ट्रे धरून उभी होते, चहा निवून गेला. शेवटी भाऊजींनी उठून दोन बटणं जोएलच्या वाटीत टाकली.

तिसऱ्या रविवारी पेडणेकर बोलत असताना जोएलला चक्क झोप लागली, घोरायला लागला. पेडणेकर उठायला लागले. भाऊजींनी बोटानं खुणावून त्यांना बसवलं आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते पेडणेकरांनी मला नंतर सांगितलं. “रुग्णास झोप लागली. चांगलं लक्षण.”

मग मस्कतचं पत्र आलं, आणि सगळं आठ दिवसांत झालं. जोएल निरोप घ्यायला मधल्या वारी आला, ड्यूटीच्या कपड्यातच. जिन्यात उभा राहून बोलत होता.

“साटमदादा, रायाजी अजून उठलेला नाय. त्याला मारू नका. दोन वर्षांनी सुट्टीवर येईन तेव्हा किल्ल्यात जायचंय आपल्याला.”

“मी कोण मारणारा?” भाऊजी म्हणाले. “नियमानं जे होईल ते.”

“नियम तुमचेच ना.”

“म्हणून तर मोडता येत नाहीत.”

जोएल माझ्याकडे बघून हसला. पण उतरताना त्यानं दोनदा मागं वळून बघितलं.

येणारे उरले पेडणेकर. आणि त्या आठवड्यात पेडणेकर वहिनींचा बांध फुटला. त्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यावरून आमच्याकडे स्पष्ट येत असे. “दर रविवारी लोकांच्या खोट्या पेशंटला भेटायला जाता. तो पेशंटसुद्धा आता मस्कतला गेला. माझी आई विरारला खरी आजारी पडलीय, तिला कधी भेटलात?”

त्या रविवारी पेडणेकर विरारला गेले. खरं सांगायचं तर मला ते बरोबरच वाटलं.

भाऊजींनी नेहमीप्रमाणे सकाळी झाडून घेतलं, पाणी भरलं, तीन वाजता दार उघडलं. चटई घातलेली, उशी ठेवलेली, तिच्याजवळ रायाजीची वाटी. स्वतः खुर्चीवर बसून राहिले. मी चहा नेऊन दिला. पाच वाजले, सहा वाजले. आठ वाजता त्यांनी दार लोटलं. टिंग वाजलं नाही.

आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांना म्हटलं, “साटम, लिहून टाका की आला होता कुणीतरी. कोण तपासायला बसलंय?”

“आलं नाही तर आलं कसं लिहू?” भाऊजी म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. खरंच विचारत होते. “एकदा खोटं लिहिलं की मग त्या वहीला काय अर्थ? आणि खोटं भेटायला आलेल्यानं कुणी बरं होत नाही.”

“मग पुढच्या रविवारी?”

“बघायचं.”

आठवडाभर माझं लक्ष लागेना. बटण लावताना तेच डोक्यात. मला माहीत होतं की रायाजी म्हणून कुणी नाही, वहीतली चार पानं आहेत. पण हेही माहीत होतं की रविवारी रात्री भाऊजी ती वही उघडतील आणि स्वतःच्या हातानं लिहितील, गेला. आणि मग चटई गुंडाळतील. मग रविवारीही दार उघडायचं कारण उरणार नाही. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही जाऊन बसा ना घटकाभर. हे म्हणाले, मला नाही जमत असली नाटकं. पेडणेकरांना विचारायला मी दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले, त्यांच्या दाराशी वहिनींचा आवाज ऐकला आणि तशीच खाली आले.

रविवार आला. तीन वाजता समोरचं दार उघडलं. पेडणेकर पिशवी घेऊन जिना उतरले, जाताना आत न बघता गेले. मी तांदळाच्या कण्या शिजत घातल्या. चांगली पातळ पेज केली, मिठाचा खडा टाकला, डब्यात भरली. साडी बदलली. मग दाराशी पंधरा-वीस मिनिटं नुसती उभी राहिले. त्या घरात पाच वर्षांत मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता. काय बोलणार, कुणाशी बोलणार. खोट्या माणसाशी मोठ्यानं बोलायचं म्हणजे जीभच उचलत नव्हती.

भाऊजींनी मला बघितलं आणि सवयीनं ट्रे घ्यायला उठले. ट्रे नव्हता.

“रायाजींना भेटायला आले होते,” मी म्हटलं.

ते उभेच राहिले. मग त्यांनी घाईघाईनं खुर्ची चटईजवळ सरकवली, हातानं पुसली. “बसा. बसा, वहिनी.” स्वतः पलंगाच्या काठावर बसले. मी डबा पुढं केला.

“पेज आहे.”

“पातळ आहे ना नक्की?”

“कण्यांची आहे.”

“मग चालेल.” त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, आणि उशीजवळ ठेवला. वाफ येत होती. आम्ही दोघंही त्या वाफेकडे बघत राहिलो. आता विचारपूस करायला हवी होती, पण उशीला काय विचारायचं. भाऊजीही मदत करीनात. थोड्या वेळानं तेच बोलायला लागले, उशीकडे बघत.

“मी एकवीस वर्षांचा होतो. मुंबईत एका वर्कशॉपला. लोखंडी पत्रा घसरला, तो मांडीवर आला. एकोणीस आठवडे होतो इस्पितळात.” ते थांबले. “आईला कळवू दिलं नाही मी. ती गावाला एकटी, ती कशी येणार? उगाच रडत बसली असती. आणि इथं ओळखीचं असं कोण होतं?”

मी डब्यावर झाकण ठेवलं.

“भेटीची वेळ चार ते सहा. चार वाजता घंटा व्हायची. पहिले काही दिवस मी पावणेचारला भांग पाडून बसायचो. म्हणजे, कुणी येणार नाही हे माहीत होतं, पण सगळेच पाडायचे. मग मी काय करायला लागलो, घंटा झाली की भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं दाखवायचो. शेजारच्या खाटांवर माणसं येत ना, त्यांना अवघडल्यासारखं होई. आपल्याभोवती पाचजण आणि ह्याच्याकडे कुणी नाही. म्हणून मी झोपायचो. एक बाई होती, शेजारच्याची बायको. ती जाताना माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवून जायची. मला जाग आहे हे तिला कळत असणार.” त्यांनी गुडघ्यावरची पँट उगाच सारखी केली. “डॉक्टर म्हणाले होते सात आठवडे लागतील. एकोणीस लागले. का लागले, ते त्यांनाही सांगता आलं नाही.”

बाहेर टँकरचा पाइप ओढल्याचा आवाज येत होता. आता बोलायची पाळी माझी होती. मी चटईकडे बघून विचारायचं ठरवलं होतं, पण बघितलं गेलं भाऊजींकडेच.

“अजून दुखतं का?” मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ घेतला. त्यांना अंदाजे सांगायची सवय नव्हती.

“थंडीत थोडं,” ते म्हणाले. “चालताना नाही. बसून उठताना.”

“तेल लावता का?”

“लावत नाही.”

“लावायला हवं. गरम करून.”

“हं.”

मग मला सुचू लागलं. मी त्यांना आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याचं सांगितलं, त्याचा पाय बैलगाडीखाली सापडला होता, तो कुठल्या पाल्याचा शेक घ्यायचा ते. मग टेलरनं ह्या खेपेला काज किती बारीक करायला सांगितलेत ते सांगितलं. माझ्या धाकट्या बहिणीचं सांगितलं, ते मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. भाऊजी मधेमधे “नक्की किती दिवस?” असं विचारत होते आणि मी नक्की किती ते आठवून सांगत होते. वही त्यांच्या मांडीवर मिटलेली होती.

साडेपाचच्या सुमाराला आमच्या दारातून ह्यांची हाक आली. “अगं, आहेस कुठं? चहा झाला नाही अजून.”

हाक आली की मी उठते. त्या दिवशीही अर्धी उठलेच होते. भाऊजी नुसते घड्याळाकडे बघत होते, ते हातात नव्हतं, मनगटावरच होतं.

मी परत बसले.

“सहाला येते,” मी बसल्या जागेवरून, ह्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.